बघणावळ

कर्नाटकातल्या आळंदच्या बसस्टँडमागच्या गल्लीत एक मेस्त्री होते. गाडीला हात लावायच्या आधी ते पैसे मागत, आणि पुष्कळदा हात न लावताच घेत. माझ्यासारख्या माणसाला हे पटणं शक्यच नव्हतं. मी तिथल्या मराठी शाळेत बदलून आलो तेव्हा माझ्याकडे एक जुनी स्कूटर होती, आणि तिच्या कृपेनं आमची ओळख भांडणातूनच झाली.

सगळे त्यांना अप्पा म्हणत. गॅरेज म्हणजे पत्र्याचं एक शेड, पुढं कडुलिंब, कडुलिंबाखाली एक लाकडी स्टूल आणि अप्पांची लोखंडी खुर्ची. शेडवर नाव वगैरे काही नाही. एकच पाटी. ‘बघायचे पैसे वेगळे. चुकलं तर परत, वर चहा.’ दळणाची दळणावळ असते तशी ही बघायची बघणावळ. गल्लीतली सगळी माणसं हा शब्द इतक्या सहज वापरत, की तो सरकारी दरपत्रकातला असावा असं मला पहिले काही दिवस वाटत होतं.

माझी स्कूटर दोन-तीन किलोमीटर नीट चालायची आणि बंद पडायची. थोडा वेळ उभी केली की पुन्हा चालू. अप्पांनी मला स्टुलावर बसवलं आणि चौकशी सुरू केली. कुठं बंद पडते, चढाला की उताराला, टाकी भरलेली असताना की रिकामी, बंद पडल्यावर तुम्ही काय करता. मी म्हटलं, काय करणार, टाकीचं झाकण उघडून पेट्रोल आहे का बघतो. ते ऐकल्याबरोबर अप्पा मागं टेकले.

“झाकणाला बारीक भोक असतंय, ते बुजलंय. हवा जाईना म्हणून पेट्रोल उतरंना. घरी जावा, सुई घाला, झालं. पन्नास रुपये द्या.”

“कशाचे पन्नास?” मी म्हटलं. “तुम्ही तर खुर्चीवरून उठलाही नाहीत.”

“उठून बघितलो असतो तर जास्ती दिला असताव का?”

“पण काम काय केलंत?”

“गुर्जी, पोरगं अडलं की तुमी उत्तर सांगताव. खडू किती झिजला ते बघून पगार देत्यात का तुमाला?”

मी पन्नास रुपये काढून दिले. घरी जाऊन झाकणात सुई घातली. स्कूटर त्यानंतर कधी बंद पडली नाही, याचा मला अनेक दिवस राग होता.

मेस्त्री म्हटल्यावर डोळ्यांपुढं जो तेलकट माणूस येतो तसे अप्पा अजिबात नव्हते. पांढरा शर्ट, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि नखं माझ्या नखांपेक्षा स्वच्छ. पान्हा फिरवायचं काम त्यांचा धाकटा भाऊ करायचा. तो दिवसभरात चार शब्द बोले, कारण उरलेले सगळे अप्पाच वापरत. दोष काय ते अप्पांनी सांगायचं आणि भावानं तो काढायचा. भावाची मजुरी अगदी माफक होती. मानाची रक्कम ती बघणावळीची.

त्यांचे प्रश्न ऐकायला मी शाळा सुटल्यावर मुद्दाम जाऊन बसू लागलो. गाडीच्या मालकाकडे ते एखाद्या वैद्यानं नाडी धरावी तसे बघत. “काल कुठं गेल्ताव? डिकीत काय घातल्ताव? तुरीचे कट्टे किती? खरं सांगा. मेव्हण्याला दिल्ताव का गाडी?” मेव्हण्याचा प्रश्न कधीच चुकायचा नाही. मालकाबरोबर बायको आलेली असली तर तिला वेगळं बाजूला घेऊन “अक्का, आता तुमी सांगा” म्हणत, आणि मालकानं वीस मिनिटं लपवलेली गोष्ट ती माउली एका वाक्यात सांगून टाकायची. माणूस गाडीविषयी खोटं बोलतो, बाई बोलत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. मला हे मत अतिशयोक्तीचं वाटायचं.

अफजलपूरकडचा एक ऊस वाहतुकीचा ठेकेदार एकदा नवीकोरी जीप घेऊन आला. गियर टाकताना आवाज येत होता. अप्पांनी पाटीकडे बोट केलं तसा तो भडकला.

“नवी गाडी हाय अप्पा. वॉरंटीत हाय. कंपनी फुकट बघती, तुमाला कामून देऊ?”

“मग कंपनीकडं जावा की. इथं कामून आलाव?”

तो तणतणत गुलबर्ग्याला गेला. चार दिवसांनी परत आला तो कडुलिंबाखाली धपकन बसला. शोरूमवाल्यांनी सांगितलं होतं की क्लच जळलाय, गाडीनं भरलेली ट्रॉली ओढलीय, हे वॉरंटीत बसत नाही. आणि वॉरंटीत बसत नाही म्हणून तपासणीचे पैसेही द्या. त्याला वाटलं होतं, अप्पा आता शोरूमला चार शिव्या देतील आणि आपलं मन हलकं होईल. आम्हा बसलेल्या सगळ्यांनाच तसं वाटत होतं.

“त्यांनी बघितलं न्हवं?” अप्पांनी विचारलं.

“बघितलं.”

“बरोबर सांगितलं न्हवं?”

“सांगितलं.”

“मग दिलाव ते बरं केलाव.”

ठेकेदार उसळला. “तुमी हाव तरी कुणाच्या बाजूचे?”

“बघणाऱ्याच्या,” अप्पा म्हणाले आणि त्याला चहा मागवला. तो चहा न पिताच गेला. मला मात्र त्या दिवशी हा माणूस फार आवडला. आपल्या पोटावर पाय देणाऱ्या शोरूमचीही बाजू जो घेतो, त्याच्यात काहीतरी वेगळं आहे हे माझ्यासारख्या भांडखोराला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आता माझी गोष्ट. ती सांगताना मला अजून कानकोंडं व्हायला होतं, पण अप्पांविषयी सांगायचं तर ती टाळून चालणार नाही.

मी चारचाकी घेतली. लहानशीच, पण नवी. आमच्या घराण्यातली पहिली. तिच्यावर मी दुपारी कापड घालत असे आणि शाळेत पाचव्या तासाला खिडकीतून ऊन कुठं सरकलंय ते बघत असे. त्यात आली खंडेनवमी. आमच्या भागात त्या दिवशी यंत्र म्हणून जे काही असेल ते धुऊन पुसून पुजतात. शिलाईचं मशीन, पिठाची गिरणी, कडबाकुट्टी, सगळं. मग माझी गाडी नुसती वरून धुऊन कसं चालेल? मी बोनेट उघडलं. शेजाऱ्याचा औषध फवारायचा पंप मागून आणला, चांगला विसळला, आणि इंजिनाला आंघोळ घातली. नुसती अंगावरून नव्हे, कानाकोपऱ्यातून. बायको म्हणाली, “अहो, आत वायरी आहेत.” मी म्हटलं, “पावसात चालते ना गाडी?” मग इंजिनाला हळदकुंकू वाहिलं, तेही हात राखून नव्हे. झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू, पुढं नारळ. फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी झटके देऊ लागली आणि समोर पिवळा दिवा पेटला.

मी पहिलं काम काय केलं असेल, तर वॉरंटीचं पुस्तक काढून अथपासून इतिपर्यंत वाचलं. शिक्षकाची सवय. त्यात पाण्यानं झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही अशी ओळ सापडली, तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. त्या क्षणी मी ठरवलं की पाणी हा शब्द तोंडातून काढायचा नाही. कुणापुढंच नाही. अप्पांकडे जाताना बायको येते म्हणाली, तर तिला मी काहीतरी कारण सांगून घरी ठेवलं.

अप्पांनी मला स्टुलावर बसवलं. बोनेट उघडलं नाही. “कंपनीची गाडी हाय. मी हात लावलो तर ते माझं नाव सांगतील,” म्हणाले. गाडी चालू करायला लावली, डोळे मिटून ऐकलं, बंद करायला लावली. मग प्रश्न. पेट्रोल कुठं भरलंत, खड्ड्यात आपटली का, मेव्हणा. सगळ्याची उत्तरं मी खरी दिली. शेवटी त्यांनी विचारलं, “खंडेनवमीला इंजिनावर पाणी मारलाव का?”

“न्हाई,” मी म्हटलं. “ओल्या फडक्यानं पुसलं नुसतं.”

मी मराठीचा शिक्षक, रोज संध्याकाळी त्यांच्याकडे बसणारा. त्यांना माझ्यावर विश्वास न ठेवायचं काही कारण नव्हतं.

“मग ठिणगी देणाऱ्या एका कॉइलमधी दम न्हाई. पाणी गेलं न्हाई म्हणताव म्हंजी मालच कच्चा आलाय. कंपनीची चूक हाय, वॉरंटीत बसतंय. बिनघोर जावा गुलबर्ग्याला. दोनशे रुपये.”

मी आनंदानं दोनशे रुपये दिले. चाळीस किलोमीटर झटके खात गेलो, पण छाती फुगवून.

शोरूमच्या काउंटरवर एक तरुण बाई होती. तिनं एक कागद पुढं केला. दोष वॉरंटीत बसला तर तपासणी फुकट, नाही बसला तर पैसे पडतील, असं त्यावर होतं. मी न वाचता सही ठोकली आणि वर तिला सांगितलं, “कॉइल गेलीय. आमच्या अप्पांनी सांगितलंय.” तासाभरानं ती आली आणि शांतपणे म्हणाली, “सर, कॉइलच गेलीय. पण पाणी शिरल्यामुळं. वॉरंटीत बसत नाही. तपासणीचे पण द्यावे लागतील.”

मग मी जो काही तमाशा केला! दोष काय ते मीच सांगितलं होतं, मग तुम्ही तपासलं काय? यंत्र लावलं म्हणून पैसे? उद्या आत पाऊल ठेवायचे पण घ्या! लोक जमले. तिनं आवाज चढवला नाही. मोबाइल पुढं केला. कॉइल काढल्यावर खाली जो खड्डा असतो त्याचा फोटो होता, आणि त्यात तांबडंलाल पाणी साचलं होतं. “सर, पूजेला पाणी मारलं होतं का?” तिनं इतक्या हळू विचारलं, की बाकी कुणाला ऐकू जाऊ नये. ती माझी अब्रू राखत होती. मी म्हटलं, “अजिबात नाही.”

तपासणीचे आणि नव्या कॉइलचे पैसे भरले. तो फोटो मात्र पुरावा म्हणून मोबाइलवर मागून घेतला. कशाचा पुरावा, ते मलाही माहीत नव्हतं.

परत येताना राग कुणावर काढावा हे कळेना. स्वतःवर काढायची सवय नव्हती. आळंदला पोचल्यावर गाडी सरळ कडुलिंबाखाली उभी केली आणि चार माणसांदेखत म्हणालो, “अप्पा, तुमचं चुकलं. माल चांगला होता. आत पाणी गेलंय म्हणतात.”

“पाणी कुठनं आलं?”

“काय माहीत. पावसाचं असेल. तुम्ही ओळखायला पाहिजे होतं.”

अप्पा उठले, शर्टाच्या खिशातून दोनशे रुपये काढले, माझ्या हातात ठेवले आणि समोरच्या हॉटेलातून चहा मागवला. गल्लीत बातमी पसरली. अप्पांनी बघणावळ परत केली हे त्या गल्लीत आजवर कुणी बघितलं नव्हतं. लोक येऊन माझ्या हातातला कप बघून जात होते. “पावसाचं मी इचारलोच न्हाई,” अप्पा भावाला म्हणाले. “धुतल्याचं इचारलो, पावसाचं न्हाई.”

आणि मी तो चहा प्यालो.

पुढच्या आठवड्यात पाटी उतरलेली दिसली. कुणी गाडी घेऊन आला की अप्पा म्हणत, “गुलबर्ग्याला जावा. तिथं मशीन हाय, त्याला चुकी न्हाई.” लोक म्हणत, अप्पा, निदान ऐका तरी. ते नको म्हणत. माणसं माघारी जाऊ लागली. भाऊ पान्हे पुसून पुसून ठेवायचा. एक दिवस मी शाळेतून येताना बघितलं, तर शेडमागं पडलेल्या एका भंगार गाडीपाशी अप्पा उभे होते. पांढरा शर्ट भिजलेला. तांब्यानं ते बोनेटवर पाणी ओतत होते, मग वाकून आत बघत होते ते कुठवर जातंय. पुन्हा ओतत होते, कधी उभं, कधी तिरपं, वारा असल्यासारखं. भाऊ माझ्याजवळ आला. “तीन दिस झालं,” म्हणाला. “पावसाचं पाणी तिथवर जाईचना.” चार शब्दांपेक्षा जास्त बोललेला मी त्याला तेवढाच ऐकला.

मला फार लाज वाटली. पैशाचं खोटं निस्तरता येतं, पण या माणसाकडे असलेली एकुलती एक गोष्ट, आपल्याला बघता येतं ही खात्री, ती मी काढून घेतली होती. आणि तीही चार पैसे वाचवायला, जे वाचलेही नव्हते.

मी जाऊन म्हणालो, “अप्पा, पाणी मी मारलं होतं. पंपानं.”

त्यांनी तांब्या खाली ठेवला. मी मोबाइल काढून फोटो दाखवला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला.

“हे तांबडं?”

“कुंकू.”

“कुंकू!” ते एवढ्यानं ओरडले की भाऊ धावत आला. “म्हंजी मी बरोबर इचारलो?”

“बरोबर विचारलंत.”

“आन् तुमी खोटं बोललाव.”

“व्हय.”

“म्हंजी माझं चुकलं न्हाई.”

“नाही अप्पा. तुमचं काही चुकलं नाही.”

मला वाटलं होतं ते चिडतील. चिडायला पाहिजे होतं. पण त्यांचा चेहरा असा काही उजळला की मीच गांगरलो. आधी त्यांनी माझ्याकडून दोनशे रुपये परत घेतले, वर चहाचे दहा. मग माझं मनगट धरलं आणि म्हणाले, “चला.”

“कुठं?”

“गल्लीत. समद्यांदेखत चुकलो, समद्यांदेखत सांगा.”

पहिल्यांदा हॉटेलात नेलं. तिथं मी मराठीत सांगितलं. हॉटेलवाला पोट धरून हसला. मग शिंप्याकडे. तिथं बाया बसल्या होत्या, त्यांच्यासमोर कुंकवासकट सांगायला लावलं. मग रंगाच्या दुकानातल्या चाचांकडे, तिथं दखनीत. “मैं झूट बोल्या,” असं मी म्हणालो आणि चाचांनी अप्पांना मिठी मारली, मला नव्हे. मधेच एक टेम्पो शेडसमोर येऊन थांबला. अप्पा लांबूनच ओरडले, “थांबा, आलो! गुलबर्ग्याला जायचं काम न्हाई!”

मला वाटलं सुटलो. पण कोपऱ्यावर टायरवाला होता. अप्पांच्या वयाचा, त्यांचा जुना दोस्त, आणि त्याला कन्नडशिवाय काही येत नसे. मला कन्नडात भाव विचारता येई, रस्ता विचारता येई. कबुली देण्याइतकं येत नव्हतं. तसं मी म्हटलं.

“मी सांगतो, तुमी म्हणा,” अप्पा म्हणाले. “ना सुळ्ळ हेळिदे.”

“ना सुळ हेळिदे.”

“सुळ्ळ. जोर द्या. परत.”

भर रस्त्यात, पाढा चुकलेल्या पोरासारखा मी तो ‘मी खोटं बोललो’चा धडा गिरवला. तिसऱ्या खेपेला त्यांचं समाधान झालं. टायरवाल्यानं हातातली हवेची नळी बाजूला ठेवून नीट ऐकलं, मान डोलावली, आणि मग माझ्याकडे बघत अप्पांना कन्नडात काहीतरी विचारलं. अप्पांनी त्याला दोन शब्दांत उत्तर दिलं. त्यानं पुन्हा मान डोलावली, या वेळी मऊपणानं, आणि मला बसायला टायर पुढं सरकवलं.

“काय विचारलं त्यांनी?” मी म्हटलं.

“इचारायलाय, गुर्जी असून खोटं कामून बोलले.”

“मग? तुम्ही काय सांगितलंत?”

“काय सांगणार,” अप्पा माझा शर्ट मागून झटकत म्हणाले. “पहिली गाडी हाय. भ्याले.”